लातूर ते नांदेड, पाच जेवणं

चिपळूणहून लातूरला सहलीला कोणी जात नाही. मी गेले, कारण माझ्या भावाची मुलगी मृण्मयी तिथल्या कृषी महाविद्यालयात शिकते आणि तिने फोनवर सांगितलं, "आत्या, ये. आमचं मंडळ बघ. रिटायर झालीस, घरात बसून काय करणार?" निवृत्त बाईचा वेळ म्हणजे धर्मशाळा, कोणीही यावं आणि पथारी पसरावी. तरीही मी निघाले. डॉक्टरांनी सांगितलेलं दोन वेळांचं मोजकं जेवण, साखर बंद, तेल बंद, असा कागद पर्समध्ये घडी करून ठेवला होता. तो कागद पहिल्याच दिवशी निकामी झाला.

मंडळाचं कागदावरचं नाव लांबलचक आहे. कॉलेजात सगळे त्याला 'वाकडं-तिकडं मंडळ' म्हणतात. काम सरळ आहे. बाजारात न चालणारी वाकडी काकडी, तडकलेला टोमॅटो, भाव पडला म्हणून रानातच सोडून दिलेला कोबी, असलं सगळं शेतकऱ्याकडून मागून आणायचं आणि जिथे चूल थंड आहे तिथे नेऊन पोचवायचं. ऐकून मला बरं वाटलं. एवढी साधी गोष्ट बिघडायला जागा कुठे आहे, असं मी मृण्मयीला म्हणालेसुद्धा.

सकाळी सात वाजता आम्ही कॉलेजच्या फाटकाशी उभ्या होतो. लातूरचे रस्ते ओस. चहाची टपरीसुद्धा बंद. अकरा विद्यार्थी येणार होते, आले दोन. एक माझी भाची आणि दुसरी शिवकांता, मंडळाची प्रमुख, जळकोट तालुक्यातल्या एका खेड्यातली, बारीक चणीची आणि बोलायला फटकळ.

"बाकीचे कुठे आहेत?" मी विचारलं.

"येळवसला," शिवकांता म्हणाली आणि खाली बघितलं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, ऐन थंडीतली. त्या दिवशी सगळा लातूर जिल्हा रानात जाऊन जेवतो. कडब्याची कोप (छोटी खोप) करतात, आत पाच दगडांचे पांडव मांडतात, काळ्या आईची पूजा करतात आणि मग दिसेल त्याला ओढून जेवायला बसवतात. ओळख लागत नाही, जात विचारत नाहीत. शहरात कुत्रंसुद्धा उरत नाही म्हणे. सरकारी सुट्टी असते. आणि या मंडळाने कॅलेंडरवर 'सुट्टी' एवढंच वाचून आजचा दिवस ठरवला होता. सुट्टी कशाची आहे, हे दहा शेतकऱ्यांच्या पोरांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आदल्या संध्याकाळी आयांचे फोन आले, तेव्हा नऊ जण गळाले. मृण्मयीचं रान चिपळूणलाही नाही, म्हणून ती उरली. शिवकांता का उरली, ते तिने टेम्पोत बसताना सांगितलं.

नांदेडला एका खासगी वसतिगृहात खेड्यांतल्या पंचवीसेक मुली राहतात. त्यांची मेस चालवणारी बाई आठ दिवसांपूर्वी गाशा गुंडाळून गेली. तेव्हापासून मुली चुरमुरे, बिस्किटं आणि पाणी यांवर होत्या. शिवकांताची धाकटी बहीण महानंदा त्यांतली एक. ती नर्सिंगला आहे. आम्ही टेम्पोत चढतोय तोवर तिचाच फोन आला. तिचे वडील, म्हणजे दोघींचे अप्पा, गावाहून निघत होते.

"पाचच्या गाडीनं तिला घरी नेतो म्हनलालेत," शिवकांता फोन ठेवून म्हणाली. "जेवायची सोय असंल तर ऱ्हाऊ दे, न्हाई तर उपाशी शिकायची गरज न्हाई, असं सांगितलेत."

"मग जाऊ दे की चार दिवस. मेस सुरू झाली की येईल परत."

"आत्या, आमच्याकडं पोरगी एकदा कापडं घिऊन घरी आली की परत जात न्हाई. आधी म्हैस येती, मग चूल येती, मग बघाय पाहुणे येतेत."

पाच वाजायच्या आत नांदेडला जेवणाची सोय पोचवायची, एवढं आता स्पष्ट झालं. अंतर तीन तासांचं. "रांगत गेलो तरी पोचू," मी म्हटलं. हे वाक्य मी दिवसभर गिळत होते.

टेम्पोचालक खाजाभाई. पन्नाशीचे, शांत, जगात घाई नावाची वस्तू आहे यावर विश्वास नसलेले. "टेन्शन नक्को घेऊ म्याडम," ते म्हणाले. "वक्ताच्या आधी पोचवतो."

आधी उलट्या दिशेला, रेणापूरकडे. तिथल्या माणिकराव नावाच्या शेतकऱ्याने एकरभर टोमॅटो भाव पडला म्हणून सोडून दिला होता आणि 'येऊन घेऊन जा' असं आठवड्यापूर्वी कबूल केलं होतं. थंडीत धुकं उठत होतं, ज्वारी माथ्यापर्यंत उभी होती, हरभऱ्याला घाटे लागले होते. मी खिडकीतून बघून खूश होते. माणिकराव बांधावरच उभे होते, धुवट धोतर, नवा फेटा.

"काका, आमी टोमॅटो नेतो," शिवकांता म्हणाली. "खाली पडल्यालं, तडकल्यालं, तेवढंच."

माणिकरावांचा चेहरा पडला. "पडल्यालं? येळवसला दारात आलेल्या लेकीला पडल्यालं माळवं (भाजीपाला) देऊ? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"मग झाडावरचं द्या."

"आज झाडाला हात लावायचा न्हाई. आज काळ्या आईची पूजा हाय."

"मग आम्ही जातो तशाच," मी म्हटलं.

"रिकाम्या हातानं? येळवसला?" ते दुखावले.

तीस वर्षं मी शाळेच्या ग्रंथालयात काढली. नियमांत अडकलेली माणसं मला नवी नाहीत. मी शांतपणे मांडणी केली. "हे बघा माणिकराव. पडलेलं तुम्ही देत नाही. झाडावरचं तोडत नाही. रिकामं जाऊ देत नाही. मग आम्ही करायचं काय?"

"जेवायचं," ते म्हणाले.

आणि आम्ही जेवलो. सकाळी साडेआठ वाजता. भज्जी नावाचा पदार्थ मी पहिल्यांदा खाल्ला. हरभरा, तूर, वाल, वाटाणा, गाजर, मेथी, रानात जे हिरवं असेल ते सगळं बेसनात शिजवलेलं. सोबत बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे), गव्हाची खीर आणि आंबील. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ घालून आंबवलेलं ताक, मातीच्या बिंदगीत (घागरीत) गार केलेलं. तेल बंद, साखर बंद हे मी बोलून पाहिलं. माणिकरावांची बायको कमलबाई म्हणाल्या, "आज डाक्टरला बी सुट्टी हाय," आणि वाटीत खीर ओतली.

जेवण झाल्यावर कमलबाईंनीच तोड काढली. त्या शिवकांताच्या कानाशी लागल्या, पण आवाज असा की तीन रानांत ऐकू जावा. "पडल्यालं द्यायची त्यांना लाज वाटती. तुमी नेलाव तर त्यात त्यांचं काय हाय? तुमी चोरा."

माणिकरावांनी हे ऐकलं. थोडा विचार केला. मग उठले, पोतं उचललं, टोमॅटोकडे पाठ करून अंथरलं आणि शेजाऱ्याच्या रानाकडे तोंड करून मांडी घालून बसले. "मी आता इकडं बगालालो," ते हवेला म्हणाले. "मला काय दिसत न्हाई."

मग आम्ही चोरी केली. साठीतली पहिली. झाडांखाली लाल सडा पडला होता, निम्मे टोमॅटो अगदी धडधाकट. मी वाकून वेचत होते आणि कंबर नको म्हणत होती. पाचेक मिनिटांनी माणिकराव मान न वळवता बोलले, "लिंबाच्या अंगाला लई पडल्यात. तिकडं कुनी चोर गेला न्हाई वाटतं."

तेवढ्यात पलीकडच्या रानातून शेजारी ओरडला. "माणिकराव, तुमच्या रानात बाया शिरल्यात."

"शिरू द्या. मला दिसना."

"अहो, टोमॅटो नेलालेत."

"असं का? किती क्रेट झालेत?"

"सहा."

"लिंबाच्या अंगाला गेलेत का न्हाई, तेवढं बगा."

शेजारी लिंबाकडे बघायला लागला. मग बांधावर आला आणि त्याचा आवाज बदललेला होता. त्याला राग आला होता आणि तो आमचा आला होता. "मंजी चोराय माणिकरावचंच रान दिसलं का? माझा कोबी काय वाईट हाय?" आम्हाला त्याच्याकडेही चोरायला जावं लागलं. पण आधी जेवावं लागलं, कारण चोर झाला म्हणून त्याला उपाशी पाठवतात का? दुसरं जेवण सव्वादहाला झालं. मंडळाच्या फॉर्मवर 'देणाऱ्याची सही' असा रकाना आहे. दोघांनीही सही करायला साफ नकार दिला. चोरीच्या मालावर मालक कधी सही करतो का, असं माणिकराव म्हणाले.

टेम्पो परत लातुरातून नांदेडच्या रस्त्याला लागेपर्यंत साडेअकरा झाले. शिवकांता दर दहा मिनिटांनी मोबाइलवर वेळ बघत होती. "आता कुठंच थांबायचं न्हाई, खाजाभाई," ती म्हणाली. "हौ," खाजाभाई म्हणाले.

चाकूरच्या पुढे एक बाई रस्त्याच्या मधोमध उभी होती. हिरवं लुगडं, कमरेवर एक हात, दुसऱ्या हातात पळी. खाजाभाईंनी ब्रेक मारला. तिने खिडकीतून आत डोकं घातलं.

"येळवस सोडून कुठं निगालाव?"

"नांदेडला, मावशी," शिवकांता काकुळतीला येऊन म्हणाली. "पोरी उपाशी हायेत तिथं. जाऊ द्या."

"आन तुमी?"

"आमी जेवलाव. दोनदा. रेणापूरला."

"रेणापूरचं रेणापूरला. हितलं हितं." एवढं बोलून तिने हात आत घालून टेम्पोची किल्ली काढली आणि कनवटीला लावली. "किल्ली जेवल्यावर."

मी चिडले. खरंच चिडले. म्हटलं, ही काय दांडगाई आहे, आम्हाला घाई आहे, एका मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. बाईने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या पुढ्यात पत्रावळ ठेवली. खाजाभाई आधीच मांडी घालून बसले होते. "मावशीचं बराबर हाय," ते म्हणाले. "खाली पोटानं गाडी चालवू नये."

"तुमचं पोट खाली कधी होतं?" मी विचारलं.

"गाडीत बसलं की होतंय म्याडम. रस्ता खराब हाय."

तिसऱ्या जेवणात मी लबाडी केली. वाढणाऱ्या सुनेची पाठ वळली की उंडा पर्समध्ये, डॉक्टरांच्या कागदाशेजारी. दुसरा उंडा टाकताना सुनेने पाहिलं. तिने हळूच आणखी चार आणून पर्समध्ये ठेवले आणि म्हणाली, "घरच्यांसाठी नेलालाव, तर मोप न्या की." माझी मान खाली गेली.

पण त्या पळीवाल्या बाईविषयी मला एक सांगितलं पाहिजे. जेवता जेवता तिने शिवकांताकडून वसतिगृहाची सगळी हकिकत काढून घेतली. आठ दिवस चुरमुऱ्यावर, हे ऐकल्यावर ती उठली आणि आसपासच्या चार रानांत हाका मारून आली. अर्ध्या तासात टेम्पोत दोन बिंदग्या आंबील, टोपलीभर उंडे आणि एक पातेलं भज्जी चढली. "पोरींना सांगा," ती किल्ली देताना म्हणाली, "हे उरल्यालं न्हाई. आमी जेवायच्या आधी काढल्यालं हाय." आम्ही तर तिच्या डोळ्यांदेखत जेवलो होतो, म्हणजे ही थाप होती. पण मी मान डोलावली.

शिरूर ताजबंदला जळकोटचा फाटा लागतो. शिवकांता त्या रस्त्याकडे बघत राहिली. "आमचं रान तिकडं," ती म्हणाली. मी विचारलं, आई काय करते? "आई जाऊन दोन वर्षं झाली. अप्पा एकटेच असतेत." मग येळवसला तू का नाही गेलीस, असं मी विचारणार होते, पण उत्तर टेम्पोत मागे भरलेलं होतं. तिने वडिलांना फोनवर सांगितलं होतं की मंडळाचं काम आहे, येता येणार नाही.

अहमदपूरच्या पुढे आंबिलीने दगा दिला. उन्हाने ती पुन्हा आंबायला लागली होती. एका खड्ड्यात बिंदगीचं झाकण उडालं आणि मागच्या फटीतून माझ्या मानेवर, पाठीवर, पदरावर गार आंबट धार आली. मृण्मयी हसत सुटली. मी तिला हसू नकोस म्हटलं आणि मग मीच हसले. लोह्याजवळ टायर बसलं. पंक्चरवाला दुकान बंद करून रानात निघाला होता. तो म्हणाला, "काढून देतो, पण आधी..." पुढचं आम्हाला पाठ होतं. येळवस इकडेही आहे, हे तोवर कळलं होतं. चौथं जेवण मी उभ्याने केलं, बसले असते तर उठता आलं नसतं.

या सगळ्या वाटेत मी मनातल्या मनात एक भाषण तयार करत होते. ते अप्पांसाठी होतं. पोरीच्या भुकेचं निमित्त करून तिला घरी चुलीपुढे बसवणारा बाप मला चांगलाच ओळखीचा वाटत होता. चार वाक्यं तर मी पाठच केली होती आणि चारही झोंबणारी होती.

नांदेडला पोचलो तेव्हा पाच वाजायला पंचवीस मिनिटं होती. वसतिगृह म्हणजे अरुंद गल्लीतली तीन मजली भाड्याची इमारत. फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर अप्पा बसले होते, उंच, हडकुळे, खांद्याला कापडी पिशवी. शेजारी महानंदा उभी. तिच्या पायाशी दोरीने आवळून बांधलेली बॅग. वरच्या गॅलरीतून मुली डोकावत होत्या.

"हे काय आनलीस?" अप्पांनी शिवकांताला विचारलं.

"जेवन, अप्पा. आन टोमॅटो हाय, कोबी हाय. पोरी आळीपाळीनं करून खातेत. झाली की सोय."

"कुनी दिलं?"

शिवकांता अडखळली. निम्मं चोरलेलं होतं. "लोकांनी," ती म्हणाली.

"मंजी मागून आनलीस. सोय म्हनलो होतो मी, खैरात न्हाई. आपल्या रानात काय पिकत न्हाई का, का पोरीनं मागून खावं? महानंदा, बॅग घे."

गॅलरीतून एक मुलगी म्हणाली, "आमाला बी फुकटचं नको, ताई." असं म्हणताना तिची नजर भज्जीच्या पातेल्यावरून हलत नव्हती. आठ दिवसांची भुकेली मुलगी, समोर अन्न, आणि ती नको म्हणत होती. सकाळी माणिकरावांना वाकडं देता येत नव्हतं, आता इथे कोणाला सरळ घेता येत नव्हतं. महानंदाने बॅगेची दोरी धरली. शिवकांता तिथेच उभी राहिली.

माझं भाषण तयार होतं. मी तोंड उघडलं आणि भलतंच बोलले. "ते राहू द्या," मी अप्पांना म्हटलं. "मला जरा बसायला द्या. चक्कर येतेय. सकाळपासून पोटात काही नाही."

मृण्मयीने माझ्याकडे वळून पाहिलं. खाजाभाई टायर तपासायला गेले.

अप्पा खुर्चीवरून उठले. "सकाळपासून? आज? कुठनं आलाव तुमी?"

"चिपळूणहून. लातूरहून इथवर आले. कोणी जेवा म्हटलं नाही." एका वाक्यात मी अख्ख्या जिल्ह्याची अब्रू घालवली. देव मला क्षमा करो, पळीवाली बाई करणार नाही.

अप्पांचा चेहरा काळवंडला. "येळवसला पाहुनी उपाशी," ते पुटपुटले. "लातूर जिल्ह्यात." मग त्यांचा आवाज एकदम मोठा झाला. "शिवकांता, उतरव ते. गच्ची हाय का हितं? वर चला समदे."

"मी एकटी जेवत नाही," मी घाई करून म्हटलं. "या मुली बसल्या तरच."

"बसतेत की. न बसाय काय झालं? येळवस कुनाची खैरात असती का?"

सिमेंटच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांच्या मधे, टोमॅटोच्या क्रेटची कोप उभी राहिली. वर कोणाची तरी शाल. शेजारच्या बांधकामाच्या खडीतून पाच दगड आले आणि पांडव झाले. कुंकू एका मुलीच्या टिकलीच्या डबीतलं. अप्पा फेटा नीट करून यजमान झाले, आणि पंचवीस मुली रांगेने आपापली ताटं घेऊन बसल्या. महानंदाचं ताट नव्हतं. ते बॅगेत होतं, तळाशी.

"काढ की," अप्पा म्हणाले. दोरीची गाठ सुटेना. मग त्यांनी स्वतः बॅग पुढ्यात ओढली, दातांनी गाठ सोडली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागले. चादर काढली. स्वेटर काढला. पांढरा युनिफॉर्म काढून गुडघ्यावर ठेवला. जाडजूड पुस्तकं, वह्या, हाडांची चित्रं असलेला कागद. तो त्यांनी उलगडून जरा वेळ बघितला. ताट सापडेपर्यंत बॅग रिकामी झाली होती आणि पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

मग मला वाढलं. पाहुणी पहिली. मी एक घास घेतला आणि देवाला हाक मारली. मुली मात्र जेवत होत्या. सुरुवातीला हळू, मग मान वर न करता. एकीला ठसका लागला, पाणी पिऊन ती पुन्हा जेवायला लागली.

अप्पा वाढतच होते. स्वतः बसत नव्हते.

"तुमी बी बसा, अप्पा," शिवकांता म्हणाली.

ते बसले. खांद्याची कापडी पिशवी काढली आणि आतून एक स्टीलचा डबा काढला. उघडला. भज्जी होती, तळाला करपलेली, वर बेसनाच्या गुठळ्या. डबा भरलेलाच होता, हात न लावलेला.

"ही कुणी केली?" महानंदाने विचारलं.

"मी केलो."

"तुमाला कुठं येते?"

"न्हाई येत. तुमची आई करायची तसं केलो." ते डब्याकडे बघत बोलत होते. "झोप न्हाई लागली. पहाटंच रानात गेलो. कोप केलो, पूजा केलो, निवद दाखवलो. बसलो जेवाय, तर घास उतरंना. एवढं मोठं रान आन मी एकटा. हाक मारावं तर एवढ्या सकाळी रस्त्यावर बी कुनी न्हाई. मग म्हनलं, पोरीला घिऊन येतो."

शिवकांताच्या हातात पळी होती. आठ दिवस ती पंचवीस पोरींच्या भुकेमागे धावत होती. "मला फोन करायचा की, अप्पा," ती म्हणाली.

"काय सांगू? घास उतरंना म्हनून सांगू?"

ती त्यांच्या शेजारी बसली आणि त्या डब्यातली करपलेली भज्जी हाताने खायला लागली. खाता खाता रडत होती. मग महानंदा आली. मग डबा रांगेने फिरला आणि माझ्यापर्यंत आला. मीठ दुप्पट पडलं होतं. मी खाल्लं, आणि पोटात जागा होती. माझं चार वाक्यांचं भाषण आठवून मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा एकटेच जळकोटच्या गाडीत बसले. जाताना शिवकांताला एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळेला सुट्टी कशाची हाय ते बगून ठरवत जावा." मुलींनी मेस स्वतःच चालवायची ठरवली, पाच-पाच जणींची पाळी. मंडळाचा टेम्पो दर शनिवारी जायचा आहे. खाजाभाईंनी होकार दिलाय, घाई नसेल तर.

मी नांदेडहून पनवेलची गाडी धरली आणि तिथून चिपळूण. गाडीत लोक विचारत होते, मराठवाड्यात काय पाहिलं? मला सांगता येईना. माहूर राहिलं, गुरुद्वारा राहिला, गोदावरीचा घाट राहिला. मी फक्त जेवले. भूक म्हणजे अन्न कमी पडणं, असं मी समजत होते. अन्न तर रानोरानी पडलं होतं आणि तरीही एक माणूस भरलेला डबा मांडीवर घेऊन शंभर किलोमीटर बसने आला होता. याला काय म्हणायचं, ते तीस वर्षं पुस्तकांत घालवूनही मला ठाऊक नाही.

दुपारी दोनला घरी पोचले. कुलूप काढलं. गाडीत पोळीभाजी झाली होती, तरी भात लावला, एकटीला लागतो त्याच्या तिप्पट. मग समोरचं दार वाजवलं. तिथे दळवी म्हणून एक गृहस्थ राहतात, बायको गेल्यापासून एकटे. पाच वर्षं आमचं बोलणं पाण्याच्या मोटरीपलीकडे गेलेलं नाही. त्यांनी दार उघडलं आणि घाबरून माझ्या मागे पाहिलं.

"काय झालं? कोणी गेलं का?"

"नाही. जेवायला या."

"माझं झालंय जेवण," ते म्हणाले.

"माझंही झालंय," मी म्हटलं. "तरी या."